घरासाठी पृथ्वीगोल आणि जगाचा नकाशा: इंदूरच्या बाजारात काय पाहून घ्यावे

शाळा उघडायच्या सुमारास खजुरी बाजारातल्या दुकानांत वह्यांच्या गठ्ठ्यांमागे जगाचे नकाशे गुंडाळून उभे केलेले असतात आणि वरच्या फळीवर निळे पृथ्वीगोल मांडलेले असतात. पालक येतात, ‘एक वर्ल्ड मॅप द्या’ म्हणतात. दुकानदार हाताला लागेल तो काढून देतो. मग तो कागद पुढची दहा वर्षे मुलाच्या अभ्यासाच्या टेबलासमोर राहतो. धडे विसरले जातात, भिंतीवरचे चित्र राहते. जग म्हटले की डोळ्यांपुढे तेच येते. म्हणून ही खरेदी घाईत उरकू नये.

दुकानात उभ्याउभ्या एक गोष्ट करता येते. नकाशावर ब्रिटन शोधा आणि मध्य प्रदेश शोधा. नकाशा मर्केटर पद्धतीचा असेल तर ब्रिटन मध्य प्रदेशाच्या जवळजवळ दुप्पट दिसेल. प्रत्यक्षात मध्य प्रदेश ३,०८,२५२ चौरस किलोमीटर आहे आणि ब्रिटन सुमारे २ लाख ४४ हजार. मर्केटर पद्धतीत विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके क्षेत्र फुगते. आपल्या अक्षांशावर ते साधारण १.२ पट होते, ब्रिटनच्या अक्षांशावर २.९ पट. ज्या मुलाने हे कधी मोजलेले नाही, त्याच्या मनात आपले राज्य ब्रिटनच्या निम्मे राहते.

घराजवळचे उदाहरण घ्या. रामबाग, राजेंद्र नगर, लोकमान्य नगरातल्या किती मराठी घरांत मुलांना ठाऊक असते की मध्य प्रदेश महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठा आहे? महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. फरक ५३९ चौरस किलोमीटरचा, म्हणजे इंदूर जिल्ह्याच्या जेमतेम सातव्या भागाइतका. तरी बोलण्यात महाराष्ट्र मोठा असतो, कारण गोष्टी त्याच्या जास्त सांगितल्या जातात. डोक्यातला आकार कागदावरून जेवढा येतो तेवढाच बोलण्यातूनही येतो.

सल्ला आधीच सांगून टाकतो. एकच वस्तू घ्यायची असेल तर १२ इंची, कमानीतून सुटा होणारा पृथ्वीगोल घ्या. थोडे अधिक खर्च करता येत असतील तर त्याच्या जोडीला दोन वेगवेगळ्या प्रक्षेपणांचे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या दोन पद्धतींचे, भिंतीवरचे नकाशे घ्या. एकच नकाशा घेऊन थांबू नका. एकच नकाशा असला की मूल त्यालाच जग समजते. दोन असले की विचारते, ‘यात ग्रीनलंड एवढे मोठे आणि त्यात एवढे लहान का?’ त्या प्रश्नासाठीच हा खर्च आहे.

पृथ्वीगोल

बाजारात प्रामुख्याने ८ इंची आणि १२ इंची गोल मिळतात. किमतीत साधारण दुपटीचा फरक असतो, म्हणून बहुतेक जण ८ इंची उचलतात. हा फरक सेंटिमीटरमध्ये पाहा. १२ इंची गोलाचा व्यास ३०.५ सेंटिमीटर, म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे ४१८ किलोमीटर. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर. ती या गोलावर पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते. ८ इंची गोलावर तीच ५ सेंटिमीटर होते. पाच सेंटिमीटरच्या भारतात चार महानगरांची नावे छापली की जागा संपते. मुलाला स्वतःचे गाव जगावर बोटाने दाखवता येत नसेल तर तो गोल शोभेचाच राहतो. १२ इंचीवर इंदूर ते पुणे अंतर सव्वा सेंटिमीटर भरते, आणि नाव छापलेले नसले तरी बारीक पेनाने ठिपका देता येतो.

हातात घेतल्यावर सर्वात आधी जोड पाहा. गोल दोन अर्धगोलांचा असतो आणि जोड विषुववृत्तावर येतो. वरचा आणि खालचा भाग नीट जुळला नसेल तर ते सुमात्रा, बोर्निओ, व्हिक्टोरिया सरोवर आणि ॲमेझॉनचे मुख या चार ठिकाणी लगेच कळते, कारण विषुववृत्त या चारही ठिकाणांवरून जाते. किनारा तिथे पायरीसारखा तुटलेला दिसला तर दुसरा नग मागा. २ मिलिमीटर सरकले तरी जमिनीवर ती ८० किलोमीटरहून अधिक चूक होते. दुसरे म्हणजे जोडावरची पट्टी. ती ८ मिलिमीटर रुंद असली तर सिंगापूर, नैरोबी, क्विटो आणि कंपाला ही शहरे तिच्याखाली जातात. विषुववृत्तावर माणसे राहतात हेच मुलाला दिसत नाही. अशी पट्टी असलेला गोल स्वस्त असला तरी घेऊ नये.

मग कमान. आस २३.५ अंश कललेली हवी. कंपास पेटीतला कोनमापक लावून पाहिले तर दुकानदार रागावत नाही. पातळ प्लास्टिकच्या कमानी वजनाने हळूहळू वाकतात आणि वर्षभरात कल वाढतो. गोल फिरवून सोडल्यावर जिथे थांबेल तिथेच राहायला हवा, भारत आपोआप खाली लोंबायला नको. तसे होत असेल तर त्याचे वजन एका बाजूला जास्त आहे. वरची-खालची खुंटी बोटांनी किंचित ताणून गोल बाहेर काढता येतो का, हेही तिथेच विचारा. काही गोल स्क्रूने कायमचे बसवलेले असतात. ते टाळा, कारण खाली सांगितलेला सगळ्यात उपयोगी प्रयोग त्यावर करता येत नाही.

उंचसखल डोंगर दाखवणारा गोल मुलांना फार आवडतो. त्यावर बोट फिरवायला मजा येते, पण सोबत एक हिशेब सांगा. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर. १२ इंची गोलावर खरी उंची ०.२ मिलिमीटर होईल. गोलावरचा हिमालय २ मिलिमीटर वर आलेला असेल तर तो दहापट वाढवून दाखवला आहे. याच मापाने चंद्र ८.३ सेंटिमीटरचा, म्हणजे मध्यम कवठाएवढा, आणि तो गोलापासून ९ मीटरवर. दिवाणखान्यातून निघून जिन्यापाशी जावे लागते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पृथ्वी आणि चंद्र एका पानावर असतात, म्हणून मुलांना तो शेजारी वाटतो. कवठ हातात देऊन मुलाला जिन्यापर्यंत चालवत नेले की अंतर पायांना कळते.

चुंबकावर तरंगणारे गोल भेट म्हणून मिळतात. ते लहान असतात, सरळ उभे तरंगतात आणि नावे वाचता येत नाहीत. अभ्यासासाठी ते निरुपयोगी.

गच्चीवरचा प्रयोग, चुंबळ घेऊन

यासाठी गोल कमानीतून काढायचा आणि चुंबळीवर ठेवायचा. चुंबळ नसेल तर जुन्या धोतराची किंवा टॉवेलची गोल वळी करून घ्या. वाटीवर ठेवला तर गोल घसरतो, कापडावर हवा तसा वळवता येतो आणि तिथेच राहतो.

आता उत्तर ठरवायची. इंदूरमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य आहे, त्यामुळे साधे होकायंत्र चालते. मात्र गच्चीच्या लोखंडी कठड्यापासून किंवा पाण्याच्या टाकीच्या सांगाड्यापासून दूर उभे राहा, नाहीतर सुई भरकटते. होकायंत्र नसेल तर एक काठी ओळंब्यात रोवा आणि तिची सर्वात आखूड सावली पकडा, ती उत्तर-दक्षिण रेषेत असते. ही वेळ घड्याळातल्या बाराची नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आणि इंदूर ७५.८६ अंशांवर, म्हणून आपली खरी दुपार सरासरी १२ वाजून २६-२७ मिनिटांनी होते. वर्षभरात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४१ च्या सुमारास येते. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर’ हे वाक्य वहीत लिहिलेले असते. गच्चीवर ते दोन्ही बाजूंनी चुकते. घड्याळ चुकते, आणि सूर्य वर्षातून दोनच दिवसांच्या आसपास खरोखर डोक्यावर येतो. इंदूर २२.७ अंशांवर, कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला. त्यामुळे सूर्य जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी एकदा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा माथ्यावर येतो. मधल्या महिन्याभरात तो दुपारी उत्तरेला असतो आणि काठीची सावली दक्षिणेकडे पडते. ढगांनी साथ दिली तर ती सावली मुलांना जरूर दाखवा.

उत्तर सापडली की गोल असा वळवा की इंदूर अगदी वर येईल आणि उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे असेल. ध्रुव क्षितिजापासून साधारण २२.७ अंश वर उचललेला राहतो. कणकेची वाटाण्याएवढी गोळी इंदूरवर चिकटवून तिच्यात आगपेटीची काडी उभी करा. आता रोवलेल्या काठीची सावली आणि काडीची सावली एकाच दिशेला पडायला हव्यात. पडत नसतील तर गोल किंचित फिरवून त्या जुळवा. जुळल्या की हा गोल खऱ्या पृथ्वीला समांतर झाला.

यानंतर गोलावर जे ऊन पडले आहे, तेच त्या क्षणी पृथ्वीवर पडलेले आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला पाहिले तर उजेडाची कड दुबईजवळून जाते. तिथे आत्ता सूर्य उगवतो आहे. जपानात जेवायची वेळ होत आली आहे आणि अमेरिका जवळजवळ सगळी सावलीत आहे. डिसेंबरात उत्तर ध्रुव दिवसभर काळोखात राहतो, जूनमध्ये दिवसभर उजेडात. दुबईला काका आणि न्यू जर्सीला आतेबहीण असलेले मूल या कडेकडे पाहते तेव्हा वेळेतला फरक त्याला पाठ करावा लागत नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात येते: आपण वर आहोत आणि इतर सगळे उतारावर आहेत. मग गोल वळवून ब्युनोस आयर्स वर आणा. आता भारत खाली गेला. त्या शहरातल्या मुलाच्या गच्चीवर गोल असाच राहील.

भिंतीवरचा नकाशा: बोटाने प्रक्षेपण ओळखावे

नकाशावर प्रक्षेपणाचे नाव छापलेले असतेच असे नाही, दुकानदाराला ते ठाऊक नसते, पण अक्षवृत्ते असतात. कडेच्या आकड्यांवरून ० ते २० अंशांमधले अंतर बोटांनी किंवा टेपने मोजा. मग ६० ते ८० मधले मोजा. दुसरे पहिल्याच्या तिप्पट भरले तर मर्केटर. पावणेदोन पटीच्या आसपास असेल तर मिलर. दोन्ही जवळपास सारखी, दुसरे जरा कमी, आणि नकाशाच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या असतील तर रॉबिन्सन किंवा त्याचा भाऊबंद. दुसरे पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच असेल आणि आफ्रिका ओल्या कपड्यासारखी लांब लोंबत असेल तर गॉल-पीटर्स.

मर्केटर म्हणजे फसवणूक नव्हे. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाची वाट त्यावर सरळ रेषेत येते. समुद्रावर हे फार मोठे सोयीचे साधन होते. चूक झाली ती जहाजावरचे साधन वर्गाच्या भिंतीवर टांगले तेव्हा. ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या दोनतृतीयांश. आफ्रिका ३ कोटी ३ लाख, म्हणजे ग्रीनलंडच्या चौदापट. मर्केटरवर दोन्ही सारखी दिसतात. रशिया आफ्रिकेपेक्षा मोठा वाटतो, तो प्रत्यक्षात आफ्रिकेच्या निम्म्याहून थोडासाच जास्त आहे.

गॉल-पीटर्समध्ये क्षेत्रे बरोबर असतात, आकार बिघडतात. जेम्स गॉलने तो १८५५ मध्ये मांडला आणि आर्नो पीटर्सने १९७३ मध्ये गाजवला. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या सरकारी शाळांनी २०१७ मध्ये तो वर्गांत लावला. २०१८ मध्ये आलेले इक्वल अर्थ प्रक्षेपणही क्षेत्र बरोबर ठेवते आणि डोळ्यांना सुसह्य आहे. रॉबिन्सन १९६३ चा. त्यात सगळेच थोडे थोडे चुकते आणि कुठलेच फार चुकत नाही. घरासाठी आमची पसंती अशी: एक रॉबिन्सन किंवा तत्सम, आणि दुसरा समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रे बरोबर ठेवणारा. मर्केटर आधीच घरात असेल तर फेकू नका. त्याच्या शेजारी समक्षेत्र लावा आणि ग्रीनलंडच्या आकाराचा कागद कापून दोन्हींवर फिरवून दाखवा.

एवढे सांगूनही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. माणसांच्या मनातले आकार मर्केटरसारखेच फुगलेले असतात का, हे बॅटर्सबी आणि माँटेलो या संशोधकांनी तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तसा सरळ ठसा सापडला नाही. त्याआधी, १९८० च्या दशकात, भूगोलाचे अभ्यासक थॉमस सारिनेन यांनी अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांना कोऱ्या कागदावर आठवणीतून जगाचा नकाशा काढायला लावला होता. बहुतेकांनी युरोप मध्यभागी ठेवला, तो वाजवीपेक्षा मोठा काढला आणि आफ्रिका लहान. स्वतःचा मुलूख बारकाव्यांसह काढला. म्हणजे दोष एकट्या कागदाचा नाही. इतिहासाच्या पुस्तकात कोणाची किती पाने आहेत, बातम्यांत कोणाची नावे येतात, काका-मामा कुठे नोकरीला आहेत, यांवरूनही आकार ठरतात. नकाशा विकत घेऊन काम संपत नाही, त्यासमोर काय बोलले जाते ते बदलावे लागते.

हा प्रयोग घरी करून पाहावा. पाचवी-सहावीतल्या मुलाला ए-३ कागद, पेन्सिल आणि पंधरा मिनिटे द्या. पुस्तक बंद, भिंतीवरचा नकाशा चादरीने झाकलेला. कागदावर तारीख घालून जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढून घ्या. चुका दुरुस्त करत बसू नका. पहिल्या कागदावर आफ्रिका बहुधा एकच देश असल्यासारखी रिकामी असते आणि दक्षिण अमेरिकेत ब्राझीलशिवाय काही नसते. दुसऱ्या कागदावर तिथे काय भरले गेले ते पाहा.

वर म्हणजे उत्तर, हे कोणी ठरवले

नकाशा उत्तरेच्या भिंतीवर लावा. मग समोर उभ्या राहिलेल्या मुलाची उजवी बाजू खरोखर पूर्व असते. दक्षिणेच्या भिंतीवर लावला तर नकाशातली पूर्व खोलीतल्या पश्चिमेला येते आणि मूल दिशा कागदापुरत्याच शिकते. उत्तरेची भिंत रिकामी नसेल तर आठवड्यातून एकदा नकाशा जमिनीवर अंथरा आणि दिशांना जुळवून ठेवा.

मराठीत दिशांची नावे वेगळाच नकाशा सांगतात. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजवी. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात दक्षिणेला जातो. आपल्या भाषेच्या या नकाशात वर पूर्व आहे. युरोपातल्या मध्ययुगीन नकाशांतही वर पूर्व असे. अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रीसीच्या ११५४ च्या नकाशात वर दक्षिण आहे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात स्टुअर्ट मॅकआर्थरने दक्षिण वर असलेला नकाशा छापला. इटालियन धर्मप्रचारक मात्तेओ रिचीने १६०२ मध्ये चीनमध्ये छापलेल्या नकाशात चीन मध्याजवळ आला. जपानच्या शाळांत प्रशांत महासागर मध्यभागी असतो आणि अटलांटिक दुभंगून दोन्ही कडांना जातो. हे सगळे नकाशे बरोबर आहेत.

इंदूरकरांना यात घरचा पुरावाही आहे. जगाचे शून्य रेखावृत्त ग्रिनिचवरून जाईल हे १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरले. त्याआधी शतकानुशतके भारतीय ज्योतिर्गणिताचे शून्य रेखावृत्त उज्जैनवरून जात होते. ते रेखावृत्त राजवाड्यापासून पश्चिमेला जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवरून जाते. नकाशावर ७५.८ अंशांपाशी रंगीत पेन्सिलने एक उभी रेघ ओढून द्या. उज्जैनची वेधशाळा तासाभराच्या अंतरावर आहे. गोल आणि काठीचा प्रयोग झाल्यावर मुलांना तिथे नेले तर तिथली यंत्रे त्यांना दगडी ओटे वाटत नाहीत.

‘वर उत्तर’ याचा एक घोटाळा माळव्यातल्या मुलांना नेमका भोवतो. चंबळ महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते आणि उत्तरेकडे, म्हणजे नकाशात ‘वर’ वाहते. मुले म्हणतात, पाणी वर कसे चढेल? त्याच डोंगराच्या दक्षिण बाजूचे पाणी घाट उतरून नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. उत्तरेचे चंबळ, यमुना, गंगा असे करत बंगालच्या उपसागरात. म्हणून नकाशांपैकी एक तरी उंचीच्या रंगांचा प्राकृतिक नकाशा असावा. त्यात माळव्याचे पठार आणि निमाड यांचा रंग वेगळा दिसतो का, ते दुकानात पाहूनच घ्या. दिसत नसेल तर रंगांचे टप्पे फार ढोबळ आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या पोर्मपुराव या वस्तीतली माणसे डावे-उजवे न म्हणता दिशांनी बोलतात. संशोधकांनी त्यांना एका माणसाचे लहानपण ते म्हातारपण अशी चित्रे क्रमाने लावायला दिली, तेव्हा त्यांचा कल ती पूर्वेकडून पश्चिमेकडे लावण्याचा दिसला, तोंड कुठेही असो. आपल्याकडे आजी ‘उत्तरेच्या खोलीतला डबा आण’ म्हणत असे ती सवय मोलाची होती. जेवताना मुलांना विचारा: उज्जैन कुठे? धार कुठे? उत्तरेला, पश्चिमेला. देवास ईशान्येला, महेश्वर दक्षिणेला, जरा नैर्ऋत्येकडे. बोट दाखवायला लावा, नाव नुसते म्हणायला नको.

नावे कोणत्या भाषेतली

इथे मराठी घरांची खरी अडचण आहे. दुकानात हिंदी आणि इंग्रजी नकाशे समोर असतात, मराठी बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. मूल शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शब्द शिकते, घरी आजोबा मराठी शब्द वापरतात आणि काही शब्द एकमेकांना छेद देतात. हिंदीतली ‘भूमध्य रेखा’ म्हणजे आपले विषुववृत्त. मूल मराठीत ‘भूमध्य समुद्र’ ऐकते आणि तो विषुववृत्तावर शोधते. हिंदीत ‘बंगाल की खाड़ी’, मराठीत तो उपसागर. आपली खाडी म्हणजे ठाण्याची, वसईची, भरती-ओहोटीचे पाणी आत शिरते ती. रेखांशाला हिंदीत देशांतर, द्वीपकल्पाला प्रायद्वीप, सामुद्रधुनीला जलडमरूमध्य, खंडाला महाद्वीप. ग्रीसचे यूनान होते, इजिप्तचे मिस्र.

हिंदी नकाशा घेऊ नये असे मुळीच नाही. त्यावर मराठी चिठ्ठ्या लावाव्यात. चिकट चिठ्ठ्यांच्या १ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, मराठी नाव लिहा आणि मूळ नावाच्या खाली लावा, वर नको. दोन्ही नावे दिसली पाहिजेत. पंचवीस-तीस चिठ्ठ्या पुरतात. साध्या कागदावर सेलोटेप लावू नका, वर्षभरात ती पिवळी पडते आणि काढताना छपाई घेऊन निघते. लॅमिनेटेड नकाशावर व्हाइटबोर्डचे मार्कर चालते. चुकून पक्के मार्कर लागले तर स्पिरिटच्या बोळ्याने निघते.

आवृत्ती आणि सीमा

छपाईचे वर्ष दुकानदाराला विचारू नका, नकाशालाच विचारा. दक्षिण सुदान आहे का, २०११. तेलंगणा, २०१४. स्वाझिलँडच्या जागी एस्वातिनी, २०१८. लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश, ऑक्टोबर २०१९. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र, जानेवारी २०२०. होशंगाबादचे नर्मदापुरम, २०२२. सर्वात ताजी खूण इंदूरकरांच्या जिव्हाळ्याची आहे: २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातले. हे नाव छापलेले असेल तर आवृत्ती ताजी आहे. जुना साठा सवलतीत मिळत असेल तर तो दुसरा नकाशा म्हणून चालतो, आणि काय बदलले हे शोधण्याचा मुलांना खेळही होतो.

परदेशातून आलेल्या गोलावर काश्मीरच्या सीमा तुटक रेघांनी किंवा वेगळ्या दाखवलेल्या असतात. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या कायद्याने, १९९० च्या दुरुस्तीसह, गुन्हा आहे. त्यामुळे घरासाठी इथे छापलेलाच घ्या. पण मुलाने कुठे वेगळी रेघ पाहून विचारले तर टाळू नका. प्रत्येक देश आपला दावा आपल्या नकाशात छापतो आणि त्याची मुले तोच पाहून मोठी होतात, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजते.

ॲटलसबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शाळेने सांगितलेला घ्या, मागची नावांची सूची दाट आहे का ते पाहा आणि शिवण पक्की आहे का ते. मधोमध उघडल्यावर जगाचा नकाशा शिवणीत अडकून आफ्रिकेचा अर्धा भाग गडप होत असेल तर दुसरा प्रकाशक निवडा.

घरी आणताना नकाशाची घडी घालू देऊ नका, गुंडाळी करून घ्या. घडीची रेघ नेमकी भारतावरून जाते आणि लॅमिनेशन तिथे पांढरे पडते. पहिल्या रात्री उलट्या बाजूने गुंडाळून ठेवा, सकाळी सपाट होतो. चकचकीत लॅमिनेशन खिडकीसमोर लावले तर दुपारभर नावे वाचता येत नाहीत, म्हणून मॅट मागा, थोडे महाग पडले तरी. ७० बाय १०० सेंटिमीटरचा नकाशा शाळेत असतो तसा छताजवळ टांगू नका. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर, विषुववृत्त येऊ द्या.